उज्जयिनीहून उज्जिनीकडे : शरणांच्या स्थलांतराचा विचार



आपल्याकडील यात्रेकरू उज्जैनला जातो, क्षिप्रेत स्नान करतो, महाकालाचे दर्शन घेतो, हरसिद्धी, कालभैरव व सांदीपनींचा आश्रम पाहतो आणि परततो. २०१६ च्या सिंहस्थाला आपली पुष्कळ मंडळी गेली होती. २०२८ च्या सिंहस्थालाही जातील. परंतु वीरशैव परंपरेतील पंचपीठांपैकी एका पीठाचे नाव याच नगरीवरून आले आहे आणि ते पीठ आज या नगरीत नाही, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानी असते. सद्धर्म सिंहासन म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते उज्जयिनी पीठ कर्नाटकात आहे. पूर्वी बळ्ळारी आणि आता विजयनगर असलेल्या जिल्ह्यातील उज्जिनी या गावी. तेथील मरुळसिद्धेश्वराच्या मंदिराच्या शिखरावर दरवर्षी तेलाचा अभिषेक होतो. ते पाहण्यासाठी लोक लांबून येतात.

हे कसे झाले? परंपरा अशी की, मरुळाराध्यांचे सिंहासन मूळचे माळव्यातले. तेथील राजाशी विरोध आला, आचार्यांचा अवमान झाला, आपल्या रीतीने राहणे अशक्य झाले. तेव्हा ते शिष्यांसह दक्षिणेत उतरले व नव्या जागी स्थिरावले. ही परंपरा आहे, शिलालेख नव्हे. तिच्यातून सन-संवत काढण्याचा खटाटोप करू नये. पण परंपरेत जे जपले गेले ते विचार करण्याजोगे आहे. जो राजा नकोसा झाला त्याचे राज्य सोडले, नगरीचे नाव मात्र सोडले नाही. ते बरोबर नेले आणि तुंगभद्रेच्या मुलखात रुजविले. राजा वेगळा आणि नगरी वेगळी, एवढा विवेक त्या निघून जाण्यात होता.

उज्जैनशी जोडलेली दुसरी कथा सर्वांच्या माहितीची आहे. सांदीपनींकडे शिकून गेलेल्या श्रीकृष्णाने पुढे मथुरा सोडली. जरासंधाच्या वारंवार होणाऱ्या स्वाऱ्यांना कंटाळून यादव पश्चिमेकडे गेले आणि द्वारकेत राहिले, हे सभापर्वात स्वतः कृष्णच युधिष्ठिराला सांगतो. त्यात त्याला लाज वाटलेली दिसत नाही. लोकांनी त्याला रणछोड म्हटले, आणि त्याच नावाने त्याची पूजाही केली! मात्र कथेचा शेवट विसरू नये. द्वारकेत जरासंध पोहोचला नाही. तेथे सगळे आपलेच होते. तरीही प्रभासक्षेत्री यादव एकमेकांच्याच हातून संपले. बाहेरचा शत्रू टळला म्हणजे आतले सगळे नीट झाले असे नव्हे, हे व्यासांनी मौसलपर्वात लिहून ठेवले आहे.

आज हा विषय घेण्यास कारण घडले आहे. लातूरकडील काही तरुण सद्भक्तांचे पत्र आले. नऊ कुटुंबे आहेत. त्यांपैकी काहींनी पोटजातीबाहेर विवाह केले. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब मागितला, तेव्हापासून एकाची शेताची वाट अडविली गेली, दुसऱ्याच्या दुकानी गिऱ्हाईक येईना. मत कोणाला दिले यावरून बोलचाल बंद झाली. या नऊ घरांनी मिळून तालुक्याच्या गावाजवळ जमीन घ्यावी, शेजारी शेजारी घरे बांधावीत आणि कोणाच्या दडपणाखाली न राहता आपले मत मांडावे, मुलांची लग्ने आपल्या विचाराने करावीत, असा त्यांचा बेत आहे. वडीलधारी म्हणतात, हा पळपुटेपणा आहे. पत्रलेखकांचा प्रश्न असा : शरणांच्या आचारात याला जागा आहे काय?

याचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येणार नाही.

प्रथम वचनाचा आधार पाहू. स्थावर आणि जंगम यांचा भेद करणारे बसवण्णांचे वचन सर्वांना परिचित आहे. धनिकाने बांधलेले देवालय आणि शरणाचा देह यांची तेथे तुलना आहे. जे एका जागी रोवले ते कधीतरी ढासळते, जे चालते ते टिकते, असा त्याचा भाव. आपण त्याचा अर्थ बहुधा मूर्तिपूजेपुरता लावतो. पण जंगम या शब्दाचा धात्वर्थच जाणारा, हालणारा असा आहे. ज्याचा देव गळ्यात आहे, त्याला देवासाठी गावाशी बांधून घ्यावे लागत नाही. इष्टलिंगाच्या या रचनेतून एक व्यावहारिक गोष्ट आपोआप साधली. ग्रामदैवताच्या मालकांनी देवळाचे दार बंद केले तरी शरणाची पूजा बंद पडत नाही. ज्या काळी गाव, देऊळ आणि राजा ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली होती, त्या काळी ही केवढी मोकळीक होती याची कल्पना करावी. तेव्हा जागा सोडणे हे मुळातच आपल्या आचारात निषिद्ध नाही.

कशासाठी सोडावे आणि कोठे जावे, हा पुढचा प्रश्न. बसवण्णांनी स्वतः दोनदा जागा सोडली. उपनयनाचा संस्कार नाकारून ते बागेवाडीहून कूडलसंगमास गेले. तेथून पुढे मंगळवेढ्यास. आज सोलापूर जिल्ह्यात असलेले हे मंगळवेढे तेव्हा कलचुरी बिज्जळाचे ठाणे होते. आपल्यापैकी कित्येकांना बसवण्णांच्या कारकिर्दीचा आरंभ महाराष्ट्रातल्या या गावी कारकुनी करताना झाला हे सांगितले तर नवल वाटते. पुढे चालुक्यांची सत्ता खिळखिळी होऊन बिज्जळाच्या हाती गेली, आणि बसवण्णा कल्याणास आले.

मग कल्याणकडे माणसे येऊ लागली. उडुतडीहून अक्कमहादेवी आल्या. सोन्नलिगेहून, म्हणजे आपल्या सोलापुरातून, सिद्धराम आले. तळी खोदणारा आणि देवळे बांधणारा हा कर्मयोगी अल्लमप्रभूंशी झालेल्या संवादानंतर कल्याणास आला. सौराष्ट्रातून व्यापारी आदय्या आले. काश्मीरचे राज्य सोडून आलेले मोळिगेय मारय्या कल्याणात मोळ्या विकत, आणि मरुळशंकरदेव तर अफगाण देशातून आले, असे परंपरा सांगते. दूरच्या नावांबद्दल संशोधकांचे मतभेद असू द्यात. चांभार, परीट, नावाडी, गुराखी, दोरखंड वळणारे, सूत कातणाऱ्या बायका अशी नाना कायकांची माणसे एका नगरीत जमली, आणि त्यांनी आपापल्या नावामुद्रेने वचने रचली, याबद्दल मतभेद नाही. त्यांत तीसहून अधिक स्त्रिया होत्या.

अनुभवमंटपाला हल्ली जगातले पहिले पार्लमेंट म्हणण्याची हौस आहे. आम्हांस हे विशेषण फारसे रुचत नाही. मंटपाला कर बसविण्याचा किंवा कायदा करण्याचा अधिकार नव्हता. सैन्य बिज्जळाचे, खजिना बिज्जळाचा. मंटपात होते ते वेगळेच, आणि आमच्या मते त्याची किंमत अधिक आहे. तेथे कोणालाही प्रश्न विचारता येत होता. शून्यसिंहासनावरील अल्लमप्रभू बसवण्णांनाही सोडत नसत. अक्कमहादेवी आल्या तेव्हा त्यांची कसून परीक्षा झाली आणि त्यांनी सडेतोड उत्तरे दिली. पंधराव्या शतकात संकलित होऊ लागलेल्या शून्यसंपादनेत हे सारे संवादरूपाने आहे. समविचारी माणसांची ती वस्ती होती खरी, पण एकाच मताची नव्हती. आमच्या पत्रलेखकांनी या एका गोष्टीवर फार वेळ थांबावे. नऊ कुटुंबे एका विचाराची म्हणून एकत्र राहिली आणि दहाव्या वर्षी त्यांतील एकाचे मत फिरले, तर त्याची वाट अडविली जाणार नाही ना?

दुसरे असे की, कल्याणचे दार उघडे होते. आलेल्याला तू कोणाचा असे न विचारता आपल्याच घरचा मानावा, या आशयाचे बसवण्णांचे वचन आपण विवाहपत्रिकांवरही छापतो. ते मानभावीपणाने म्हटलेले नव्हते. त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. मधुवरस ब्राह्मण, हरळय्या चांभार. एकाची कन्या आणि दुसऱ्याचा पुत्र यांचा विवाह ठरला. राजसत्तेला तो सोसला नाही. मधुवरस आणि हरळय्या यांना देहान्त शासन झाले. सुमारे ११६७-६८ च्या त्या धामधुमीत बिज्जळाचाही वध झाला, बसवण्णा कूडलसंगमी गेले, आणि कल्याण रिकामे होऊ लागले.

येथे शरणांचे दुसरे स्थलांतर सुरू होते. पहिले स्वेच्छेचे होते, हे जिवावरचे. चेन्नबसवण्णांबरोबर एक मोठा समुदाय पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रानात उळवीला गेला. मागून सैन्य येत होते. परीट मडिवाळ माचिदेवांनी पिछाडी सांभाळली. डोहर कक्कय्या वाटेतच पडले. बेळगाव जिल्ह्यातील कक्केरी हे गाव त्यांचे स्मरण जपून आहे. बसवण्णांच्या भगिनी अक्कनागम्मा या समुदायात होत्या आणि पुढे त्यांचा देह तरीकेरेकडे विसावला, असे सांगतात. या सर्वांनी काय वाचविले? सोने नाही, जमीन नाही. ताडपत्रांच्या जुड्या वाचविल्या. उळवीला आजही माघी पौर्णिमेच्या सुमारास बैलगाड्यांनी जत्रा भरते. त्या गाड्यांत बसून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की, आपण एका पाठलागाच्या वाटेवरून चाललो आहोत? पुढे शेकडो वर्षे ही वचने मठामठांतून, घराघरांतून पडून राहिली. विजापूरच्या फ. गु. हळकट्टी यांनी गावोगाव हिंडून ती गोळा केली आणि १९२३ मध्ये ‘वचनशास्त्रसार’ छापले, तेव्हा ती सर्वांच्या हाती आली.

बाराव्या शतकाचे पुरे झाले, आमच्या काळाचे बोला, असे तरुण म्हणतील. मग त्यांनी आपल्या आजोबांस विचारावे. कल्याण, बीदर, उदगीर, लातूर, नांदेड, तेव्हाचा उस्मानाबाद आणि आजचा धाराशिव हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे सभा भरवायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे, आणि ती सहसा मिळत नसे. म्हणून हैदराबाद संस्थानच्या प्रजेच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरल्या : १९२३ मध्ये काकिनाड्यास, १९२६ मध्ये मुंबईस, १९२८ मध्ये पुण्यास, १९३१ मध्ये अकोल्यास. आपल्या घरातील दुःख सांगण्यासाठी दुसऱ्याच्या अंगणात जावे लागे.

१९३८ च्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांना वंदे मातरम् म्हणण्यास बंदी झाली. त्यांनी माघार घेतली नाही. शेकडो जणांना काढून टाकण्यात आले. त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना आपल्याकडे प्रवेश दिला आणि मुले घोळक्याघोळक्याने नागपुरास गेली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही काढून टाकलेल्यांपैकीच. त्यांनी नागपुरातून कायद्याची पदवी घेतली. या मुलांचे जाणे पळून जाणे होते काय? त्यांतली बरीच शिकून परत आली आणि मुक्तिसंग्रामात उभी राहिली. स्टेट काँग्रेसचे पुढारीपण करणारे स्वामी रामानंद तीर्थ तर संन्यासी होते. त्यांच्या संन्यासाने त्यांना लोकांपासून दूर नेले नाही, हे आम्हां मठवासीयांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९४७-४८ मध्ये तर गावेच्या गावे हलली. रझाकारांच्या भयाने सीमेवरील कुटुंबे सोलापूर, बार्शीकडे आली. बार्शी, मनमाड, वाशीम, उमरखेड या बाजूंना सीमेवर कार्यकर्त्यांची केंद्रे उभी राहिली. जे निघू शकले नाहीत त्यांचे काय झाले? कल्याणपासून फार दूर नसलेल्या गोरटा गावी मे १९४८ मध्ये जो संहार झाला त्याच्या आठवणी त्या भागातील घरांत अजून आहेत. निघणे ज्यांना परवडते ते निघतात. म्हातारी माणसे, बाळंतीण, एकुलत्या म्हशीवर पोट असलेला, हे मागे राहतात. स्थलांतराचा गौरव करताना ही माणसे आपल्या हिशेबातून गळतात.

आणखी एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईत निजामाची सत्ता संपली. परतलेल्या आणि राहिलेल्या लोकांपैकी काहींनी त्यानंतर आपल्याच गावच्या निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगविला. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड हे जिल्हे त्यात विशेष होरपळले, हे पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वेळीच सरकारला कळविले होते. ज्यांना स्वातंत्र्याची किंमत कळली होती, त्यांच्यापैकी काहींच्या हातून हे घडले. अनेक घरांतून याविषयी आजही कोणी बोलत नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडातील काही धर्मनिष्ठ कुटुंबे राजाच्या चर्चचा जाच चुकविण्यासाठी आधी हॉलंडात गेली. त्यांपैकी काही जण १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेला निघाले. जहाजावर १०२ प्रवासी होते; पहिल्या हिवाळ्यात त्यांतील जवळजवळ निम्मे मेले. त्यांनी उतरण्यापूर्वीच आपसांत करार करून स्वतःचा कारभार स्वतः चालविण्याचे ठरविले, याचे कौतुक जगाने केले आहे. पण त्याच किनाऱ्यावर काही वर्षांनी त्यांच्यासारख्याच कारणासाठी आलेल्या दुसऱ्या वसाहतीने रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला वेगळे मत मांडल्याबद्दल हद्दपार केले. त्याला भर हिवाळ्यात आसरा दिला तो तेथल्या मूळ रहिवाशांनी, ज्यांच्या जमिनीवर या सर्व वस्त्या उठत होत्या.

आता वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे. गाव सोडू नये, असे म्हणणाऱ्यांनी गाव सर्वांना सारखे असते काय, हे आधी सांगावे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना गावगाड्याचा जो अनुभव होता तो आमच्या पाटील-देशमुख मंडळींना नव्हता. हरळय्याचे गुणगान करायचे आणि हरळय्याच्या वंशजाने गाव का सोडले हे विचारायचे नाही, असे चालणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून या देशात कोठेही जाण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास आहे. त्याच अनुच्छेदात बोलण्याचा, शांततेने जमण्याचा हक्कही आहे. शरणांना यांतील एकही हक्क लेखी मिळालेला नव्हता. तेव्हा आमच्या या नऊ कुटुंबांनी जावे काय? जाऊ शकतात. त्यात अधर्म नाही.

मात्र काही गोष्टी त्यांनी पुन्हा पाहाव्यात. ज्या टाकीचा हिशेब मागितला तो मिळाला काय? नसल्यास गाव सोडण्यापूर्वी लेखी अर्ज करून तो मागावा. प्रश्न विचारून उत्तर न घेता निघालात तर गावात उरलेल्या गरिबाला पुढचा प्रश्न विचारण्याची हिंमत होणार नाही. नव्या ठिकाणी मतदारयादीत नावे घालावीत आणि तेथील सभेस जावे. आपल्या नऊ घरांचे कुंपण करून आतच मोकळेपणा भोगायचा असेल तर तो बिनकामाचा आहे. घरांची दारे रस्त्याकडे असावीत. दासोह ठेवाल तर तो नऊ घरांपुरता नसावा. एखादा परका, तुमच्या विचाराचा नसलेला, शेजारी जागा मागू लागला तर त्याला ती मिळेल, असे आपल्या कागदातच लिहून ठेवावे. गावचे घर एकदम विकू नये. ज्यांना येणे जमत नाही त्या आई-वडिलांना मागे ठेवताना सणावारी येणे-जाणे राहील असे पाहावे, आणि अबोला धरणाऱ्याच्या घरी आपण होऊन जावे. उज्जयिनीचे नाव उज्जिनीला नेले, तेही याच रीतीचे.

वडीलधाऱ्यांनाही एक विचारावेसे वाटते. शेताची वाट अडविली गेली त्या दिवशी आपण कोठे होता?

शेवटी पत्राविषयी. त्यावर नऊ सह्या आहेत आणि नऊही पुरुषांच्या आहेत. कल्याणात येणाऱ्यांत अक्कमहादेवी होत्या आणि कल्याणातून जाणाऱ्यांत अक्कनागम्मा. नव्या जागी विहीर किती दूर, दवाखाना कोठे, मुलींची शाळा कितवीपर्यंत, माहेरचा माणूस येईल की नाही, या गोष्टी ज्यांना ठाऊक त्यांचे म्हणणे पत्रात कोठेच नाही. त्या नऊ घरांतील मातांनी आणि भगिनींनी वेगळे पत्र पाठवावे, स्वतःच्या हाताने लिहिलेले. ते आल्यावर बाकीचा विचार करू. तोपर्यंत जमिनीचा इसार देऊ नये.